कोहळ्याची पहिली चीर

दिवाळीचे दिवे विझले, तुळशीचं लग्न आटोपलं आणि मरोद्याच्या तलावावरचं सकाळचं धुकं गल्लीत उतरू लागलं, की शालिकरामच्या फाटकाची कडी वाजू लागायची. वाजवणारी बाईच असायची. फाटकाबाहेर उभी राहून, जरा ओशाळून म्हणायची, "काकाजी, सवड हाये का? कोहळा फोडून द्या ना."

सवड नसायला काय झालं? प्लांटातून, स्टील मेल्टिंग शॉपातून रिटायर होऊन आठ वर्षं झालेली. माणूस बागेत नाहीतर खाटेवर. तरी शालिकराम लगेच निघायचा नाही. आत जाऊन हातपाय धुवायचा, बनियनवर धुतलेला सदरा चढवायचा, आणि मोरीजवळच्या दगडावर आपली लांब पात्याची सुरी दोनदा ओढून घ्यायचा. मग निघायचा.

गोष्ट अशी, की भंडाऱ्याकडच्या गावांत काय अन् या छत्तीसगडात काय, अख्ख्या कोहळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नसते. कोहळा म्हणजे घरचा थोरला लेक. आईच्या हातची धार लेकाच्या अंगाला लागू नये. एकदा का पुरुषानं चीर दिली, की मग बायकांनी त्याला सोलावं, किसावं, पिळावं, डाळीत कालवून त्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालाव्यात. पण पहिली चीर पुरुषाची. आणि बड्या घालायच्या त्या सकाळीच, ऊन वर यायच्या आत सगळी तयारी व्हायला पाहिजे. तेव्हा गल्लीत पुरुष कुठं सापडायचा? कोणाचा फर्स्ट शिफ्टला, कोणाचा नाइट करून मेल्यासारखा झोपलेला, कोणाचा फोटोत. थोरले लेक सगळे पुण्या-हैदराबादला गेले होते, आणि घराघरांच्या छपरांवर राहिले होते नुसते कोहळे.

म्हणून शालिकराम. तो कोहळ्याला पाणी लावायचा, कुंकवाचं बोट टेकवायचा, देठाकडून सुरी घालून एका दमात खाली आणायचा. कचकन आवाज यायचा, कोहळा दोन भाग होऊन पाटावर डुलायचा. मग सुरी पुसत तो म्हणायचा, "हां. आता तुमचं राज्य."

आणि बाहेर पडायचा. कारण त्या पुढचा कायदाही तितकाच कडक. बडीच्या पिठावर पुरुषाची सावली पडली की बड्या लाल पडतात. पांढरीशुभ्र, कापसासारखी बडी पाहिजे असेल तर पुरुषानं चीर द्यावी आणि ओसरीवर बसून चहा प्यावा.

घरी आला की गयाबाई विचारायची, "आले का मोहल्ल्याचे कसाई? किती मुडदे पाडले आज?"

"तीन. अन् चवथा उद्याचा नंबर लावून हाये."

"मंग आपला कधी कापता? का गावच्या बायांचंच काम करून राहाता?"

घरचा कोहळा तो शेवटी कापायचा. तो सगळ्यात मोठा असायचा. गयाबाईनं साकोलीच्या माहेरून लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बी आणलं होतं, आणि तेव्हापासून दर वर्षी त्याच बियाचा वेल. आधी सेक्टरातल्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर, मग रिटायरमेंटनंतर बांधलेल्या या घराच्या टिनावर. बेचाळीस कोहळे शालिकरामनं तिच्यासाठी चिरले. चीर दिली, सुरी पुसली, बाहेर आला. आत पुढं काय होतं ते त्यानं एकदाही पाहिलं नाही.

फाल्गुनात, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, गयाबाई गेली. पोटात दुखतं म्हणून रिक्षात बसून दवाखान्यात गेली, जाताना म्हणाली, "वांग्याले पाणी द्याल, नाहीतर बसाल खाटेवर." आठव्या दिवशी घरी आणली ती झाकून.

जेठाच्या उन्हात तो घर आवरत होता तेव्हा कोनाड्यात फरसाणाची जुनी बरणी सापडली. आत राख, राखेत कोहळ्याच्या बिया. मोजल्या तर अकरा. पहिला पाऊस होऊन माती बसल्यावर त्यानं मागच्या भिंतीशी आळं केलं, शेणखत घातलं, आणि अकराच्या अकरा बिया टाकून दिल्या. एकही मागं ठेवली नाही.

गयाबाई दर वर्षी चार बिया मागं ठेवायची, हे त्याला श्रावणात आठवलं. तोवर पाच बिया उगवल्याच नव्हत्या, चार रोपं गोगलगाईंनी खाल्ली होती, एक पाणी साचून सडलं होतं. राहिला एक वेल. त्या एकट्यालाच मग त्यानं सुतळीनं बांधून टिनावर चढवलं. सकाळ-संध्याकाळ तो मान वर करून पाहायचा. तीन फळं धरली, दोन पिवळी पडून गळली. तिसरं राहिलं. नवरात्रात नारळाएवढं होतं, दिवाळीला घागरीएवढं झालं, आणि मग त्याच्या अंगावर पांढरी राख चढायला लागली. इकडे कोहळ्याला रखिया म्हणतात ते उगीच नाही. बोट फिरवलं की बोटाला राख लागते, मागं हिरवी रेघ उमटते.

त्या एका कोहळ्याच्या पोटात आता साकोलीचं सगळं बी होतं. दुसरीकडं कुठंच नव्हतं.

हे सोडलं तर दिवस चांगले होते, असं म्हणायला हरकत नव्हती. पाऊस गेला होता, थंडी अजून अंगाला झोंबत नव्हती. उन्हाला गोडवा आला होता. मांडवावर सेमीच्या शेंगा लोंबत होत्या, जांभळ्या कडांच्या. मुळा मातीतून खांदे वर काढत होता. सांबार, म्हणजे कोथिंबीर, इतका दाट आला होता, की पाणी घालताना हाताला वास लागायचा आणि दुपारपर्यंत जायचा नाही. शेवंतीच्या कळ्या घट्ट मुठी मिटून बसल्या होत्या. शालिकराम सकाळी खुरपं घेऊन बसायचा तो ऊन डोक्यावर येईस्तोवर. भट्टीपुढं चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऊन म्हणजे आईचा हात.

दुपारी त्यानं खाट विणायला काढली. जुनी दोरी कुजली होती. बापानं शिकवलेली वीण, एक घर सोडून एक, हाताला अजून पाठ होती. पण खाट विणणं हे दोघांचं काम असतं. एकानं वरून दोरीचा गुंडा घालायचा, दुसऱ्यानं खालून ओढून परत द्यायचा. गयाबाई पलीकडं बसायची, ओढायची आणि बोलायची. आता तो गुंडा घालायचा, उठायचा, पलीकडं जाऊन ओढायचा, पुन्हा अलीकडं यायचा. एका खाटेभोवती दिवसभरात किती कोस चालणं झालं कोण जाणे. चार दुपारी लागल्या. पायथ्याची दोरी ताणून त्यानं खाटेवर थाप मारली तेव्हा ती डफासारखी वाजली. "झाली बाप्पा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

बड्या वाळवायला खाट लागते. म्हणून विणली होती. पण बड्या घालणार कोण, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. कोहळा कापला की त्याच दिवशी काम उरकावं लागतं. चिरलेला कोहळा वाट पाहत नाही. न कापता ठेवला तर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. तेव्हा राहू दे टिनावर, असं त्याचं चाललं होतं.

मग एका सकाळी टिनावर धडाधड पाय वाजले. माकडं. मोठ्या काळ्या तोंडाची चार-पाच. शालिकराम काठी घेऊन धावला, ती पेरूच्या झाडावरून पलीकडं गेली. वर चढून पाहतो तर कोहळ्याच्या कुशीत नखांचे तीन ओरखडे. राख खरवडली गेली होती, सालीतून पाणी झिरपत होतं.

दुसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढा डाग पडला. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर मऊ लागला.

त्या संध्याकाळी पुण्याहून मोहितचा फोन आला. मोहित आईशी मराठी बोलायचा. आई गेल्यापासून बापाशी बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरायचा.

"बाबूजी, जेवलात का? तबीयत ठीक है ना?"

"हाव. मोहित, एक सांग. तुही माय बडीच्या पिठात का टाकत होती रे?"

"बडी?" मोहितला जरा वेळ लागला. "मला कसं माहीत असेल बाबूजी? मला तर ती किचनमध्ये येऊच देत नव्हती. सावली पडते म्हणायची."

"तुलेबी नाई माहीत."

"यूट्यूब पे देख लो ना. सगळं असतं त्याच्यावर."

त्यानं पाहिलंही. फोन भिंतीला टेकवून, चष्मा लावून. एक बाई हसत हसत पीठ फेटत होती. पण मागं गाणं लावून ठेवलेलं, त्या गाण्यात फेटण्याचा आवाजच ऐकू येत नव्हता. शालिकरामनं फोन बंद केला. त्याला तो आवाज पाहिजे होता. कारण बडीतलं त्याला ठाऊक होतं ते तेवढंच.

नाइट शिफ्ट करून तो सकाळी सातला घरी यायचा, चिरीचं काम करायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. भिंतीपलीकडं गयाबाईचं फेटणं सुरू असायचं. आधी जड, ओल्या मातीवर पाय पडावा तसं, थप्प, थप्प. मग फद फद. मग हळूहळू आवाजातलं वजन जायचं, त्यात हवा भरायची. मग थांबायचं सगळं. एक बारीक टुप्प. थोडी शांतता. मग गयाबाईचं "हं". त्या "हं" नंतर शालिकरामला गाढ झोप लागायची. वर्षानुवर्षं. भट्टीतही तो कानाचाच माणूस होता. पोलाद उकळताना कसं बोलतं त्यावरून तो सांगायचा, अजून वेळ आहे की नाही.

पण ते टुप्प काय होतं, ते त्याला कधी कळलं नाही, आणि कधी विचारलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारची बिसाहिन फाटकाशी आली. ती इथलीच, अहिवाऱ्याकडची. नवरा नंदिनीच्या खाणीवर ट्रक चालवतो, रविवारी तेवढा घरी. ती छत्तीसगडीत बोलायची, शालिकराम आपल्या बोलीत, आणि दहा वर्षांत एकमेकांचं काही अडलं नव्हतं.

"कका, रखिया चीर देबे का?"

त्यानं हात धुतले, सदरा घातला. तिच्या अंगणात पाटावर कोहळा होता. कुंकू, पाणी, कचकन चीर. "हां. आता तुमचं राज्य." बिसाहिननं चहाचा कप पुढं केला, आणि तो घेऊन जाईल म्हणून वाट पाहत राहिली. शालिकराम उभाच.

"बिसाहिन, एक इचारू? पीठ फेटून झालं का तुम्ही पाण्यात काई टाकता का?"

ती आधी त्याच्याकडं पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. "का कका, अब तैं बरी बनाबे?"

"इचारून राहिलो फक्त."

"पानी म एक बूँद डार के देखथन. उफलही त बनगे. बूड़ही त अउ फेंट." पिठाचा एक थेंब पाण्यात टाकायचा, तरंगला तर झालं, बुडला तर आणखी फेटायचं.

शालिकराम कप हातात धरून तसाच राहिला. सँपल. चौतीस वर्षं त्यानं भट्टीतून पळीभर पोलाद काढून लॅबला पाठवलं होतं. रिपोर्ट आल्याशिवाय भट्टी खाली करायची नाही, हा तिथला कायदा. आणि भिंतीपलीकडं त्याची बायको दर वर्षी तेच करत होती, आणि त्यानं तिला एकदा म्हटलं नाही, की अगं, तुझं माझं काम एकच.

"तोर रखिया ला मोला दे दे," बिसाहिन म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मैं बना देहूँ."

"तू मेथी घालतं. ते तुह्या घरच्या होतील." मग त्याला वाटलं, तुटक बोललो. "तुह्या चांगल्याच राहाते. पण..."

"समझ गेंव कका," ती म्हणाली. "चहा पी ले, जुड़ा जाही." शालिकरामच्या हातातला कप निवत चालला होता.

शनिवारी संध्याकाळी त्यानं उडदाची डाळ भिजत घातली. रविवारी उजाडता टिनावर चढला. डाग तळहाताएवढा झाला होता. देठ कापून, कोहळा छातीशी धरून तो शिडीवरून एकेक पायरी उतरला. खाली येईस्तोवर सदऱ्याला सगळी राख लागली होती.

अंघोळ करून दुसरा सदरा घातला. कुंकवासाठी गयाबाईचा करंडा उघडावा लागला. फाल्गुनापासून उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं. आत तिच्या बोटाचा खळगा तसाच होता. त्यानं करंगळीनं कडेचं कुंकू घेतलं.

पाणी. कुंकू. सुरी देठाकडून आत गेली आणि एका दमात खाली आली. दोन भाग पाटावर डुलले.

"हां," शालिकराम म्हणाला, "आता तुमचं राज्य." आणि सुरी पुसत सवयीनं दारापर्यंत आला. उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा थांबला. मागं स्वयंपाकघर होतं आणि त्यात कोणी नव्हतं.

तो परत फिरला.

सड आत दोन बोटं शिरली होती, बियांपर्यंत पोचली नव्हती. सडका भाग त्यानं काढून टाकला. गर उकरून बिया वेगळ्या केल्या. पांढऱ्या, भरदार, कडेला उठलेल्या. धुवून सुपात पसरल्या. मोजल्या नाहीत, पण ओंजळी चार भरल्या. तेवढं झाल्यावर त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आता बड्या बिघडल्या तरी बिघडू देत, असं मन म्हणालं. लगेच दुसरं मन म्हणालं, बिघडू द्यायच्या नाहीत.

डाळीची सालं चोळून काढली, नऊ पाण्यांनी धुतली. मिक्सर होता, पण गयाबाई मिक्सरला नावं ठेवायची. "तापते तो, अन् डाळ मरते." त्यानं पाटा काढला. गुडघे मोडून बसला, वरवंटा ओढू लागला. अर्ध्या तासात मांड्या आखडल्या, अंग घामानं निथळलं. भट्टीत तीस वर्षांपूर्वी असा घाम फुटायचा. कोहळा किसताना बोट कापलं, चिंधी बांधली. पिळलेला कीस, वाटलेली डाळ, ठेचलेलं आलं, मिरं. मिरं तिच्या बडीत दाताखाली यायचं, एवढं जिभेला आठवत होतं. सगळं मोठ्या गंजात घातलं आणि तळहातानं फेटायला घेतलं.

थप्प. थप्प.

डोळे मिटून घेतले त्यानं. पाहण्यासारखं त्याला काही ठाऊक नव्हतं, ऐकण्यासारखं होतं. थप्प थप्प. दंड भरून आला. हात बदलला. लोट्यात एक थेंब टाकला. दगडासारखा तळाला गेला. पुन्हा. फद फद. पुन्हा थेंब, खाली गेला, पण जरा रमतगमत. ऊन अंगणात आलं, खाटेवर चढलं. अकरा वाजले असतील. बाया या वेळी बड्या घालून मोकळ्या होतात. तिसरा थेंब मधोमध लटकला आणि मग बुडाला.

मग केव्हातरी आवाजातलं वजन गेलं.

त्याला आधी विश्वास बसेना. हात तोच, गंज तोच, पण आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा यायला लागला, हलका, हवेनं भरलेला. त्यानं थांबून लोट्यात थेंब टाकला. टुप्प. थेंब वर आला आणि पाण्यावर पांढऱ्या फुलासारखा फिरत राहिला.

"हं," शालिकराम म्हणाला.

घरात ते "हं" पुरतं वाजलं, आणि मग काहीच वाजलं नाही. तो बराच वेळ पिठानं भरलेला हात गंजात ठेवून बसून राहिला. झोप यावी तशी गुंगी आली होती. पण बड्या घालणारं दुसरं कोण होतं? उठला. खाटेवर तिचं जुनं लुगडं अंथरलं, बड्या घालायला बसला. पहिल्या रांगेतल्या काही लिंबाएवढ्या, काही आवळ्याएवढ्या, काही नुसत्या पसरलेल्या. चौथ्या रांगेला हात बसला. संपल्या तेव्हा दीड वाजला होता. तीनला ऊन शेजारच्या स्लॅबमागं गेलं. दोन दिवस आभाळ आलं, बारीक झिमझिम. खाट तो आत-बाहेर करत राहिला. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा बड्या वाळल्या, आणि सगळ्या लालसर पडलेल्या होत्या.

बिसाहिननं भिंतीवरून वाकून पाहिलं. एक उचलून तोंडात टाकली, कुरकुर चावली. "हलका हे कका. फेर लाल होगे." हलकी झाली, पण लाल. मग डोळे बारीक करून म्हणाली, "डउका के छइँहा परगे." पुरुषाची सावली पडली.

"मंग कोणाची पडाची होती?" शालिकराम म्हणाला.

दोघं हसले. बिसाहिनचं हसू आधी संपलं. ती पदर खोचून कामाला निघून गेली.

त्या रात्रीच्या जेवणाला त्यानं वांगं-बडी केली. बडीनं रस्सा पिऊन घेतला, दाताखाली मिरं आलं. गयाबाईची नव्हती ती. गयाबाईच्या बडीच्या गावावरून गेलेली होती, एवढं म्हणता आलं असतं. ताट धुतलं, मग मोहितला फोन लावला.

"मोहित, बड्या केल्या."

"अरे वा बाबूजी. कहाँ से मंगवाए?"

"मंगवल्या नाई. केल्या."

पलीकडं कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "बाबूजी, मैं ना एक कॉल पे हूँ. उद्या बोलू? पक्का."

"हाव, हाव. बोल."

उद्या काही फोन आला नाही. बिया वाळल्या होत्या. त्यानं बंबाच्या खालची राख चाळली, बिया तिच्यात घोळवल्या, बरणीत भरल्या. मूठभर वेगळ्या काढून दुसऱ्या डब्यात ठेवल्या. एकाच ठिकाणी सगळं ठेवायचं नाही, एवढं तो शिकला होता.

आगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला. शेवंती फुटली, पिवळी आणि विटकरी. सकाळी तोंडातून वाफ निघू लागली. एका सकाळी मीनलताई स्वतः फाटकाशी आल्या. त्या रायपूरच्या जुन्या घराण्यातल्या, इथल्या शाळेत मराठी मुलांना हिंदी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचे यजमान अच्युतराव घरातच असायचे, पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत. पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडायचा.

"शालिकरामजी, कोहळा आणलाय. येता का? बहीण आलीये मदतीला."

"येतो नं."

पाटाशी अच्युतराव खुर्चीत बसले होते, शालीत गुंडाळलेले, दुसरीकडं पाहत. मागच्या वर्षी शालिकरामनं सरळ चीर दिली होती आणि ते असेच दुसरीकडं पाहत बसले होते, हे त्याला आता आठवलं. त्यानं कोहळ्याला पाणी लावलं, कुंकू लावलं, आणि सुरी उलटी करून मूठ त्यांच्यापुढं धरली.

"घ्या साहेब. घर तुमचं हाये."

अच्युतरावांनी आपल्या हाताकडं पाहिलं. "कापून बसेन कोणाला तरी."

"मले कापाल. मी भट्टीतला हावो, मले का होते?"

त्यांचा थरथरता पंजा मुठीवर आला, त्यावर शालिकरामचा. त्या थरथरीचं बळ किती असतं, हे त्याला हाताखाली कळलं. सुरी वेडीवाकडी गेली, पण आरपार गेली. मीनलताई पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"सांगा साहेब," शालिकराम म्हणाला.

"काय?"

"आता तुमचं राज्य, असं सांगा बायांले. नाईतर त्या सुरूच करत नाही."

"आता तुमचं राज्य," अच्युतराव हळूच म्हणाले, आणि दोघांना ओसरीवर घालवून देण्यात आलं.

ओसरीवर ऊन होतं. चहा आला. अच्युतरावांचा चहा शालिकरामनं बशीत ओतून त्यांच्या ओठांशी धरला. अच्युतराव फारसे बोलत नसत आणि शालिकरामला फार विचारायची सवय नव्हती. रस्त्यावरून कोणी सायकलीवर गेलं. आत पाट्याची घरघर झाली, थांबली. मग फेटणं सुरू झालं. थप्प, थप्प.

शालिकराम चहा विसरला. मान जरा कलती करून तो ऐकत होता. फद फद. बहिणी-बहिणी आलटून पालटून फेटत असाव्यात. एकीचा हात जड होता, एकीचा घाईचा. मग आवाज थांबला. भांडी वाजली. खाटेवर कापड झटकल्याचा आवाज आला.

"ताई," त्यानं ओसरीवरूनच हाक मारली. "अजून नाई झालं."

आतली भांडी वाजायची थांबली. "काय म्हणालात?"

"अजून जड हाये. पाण्यात टाकून पाहा."

कुजबुज झाली. एक हसू दाबल्याचा आवाज. मग लोटा ठेवल्याचा, आणि मग बारीक टुप्प. दोघं पुरुष खुर्च्यांत बसून वाट पाहत राहिले.

"बुडला," आतून मीनलताईंचा आवाज आला. जरा चकित, जरा नाराज. "तुम्हाला हो कसं कळलं? आत डोकावलात का? सावली पडायची ना मेली."

"नाई ताई. इथंच हावो मी. अजून पंधरा-वीस मिनटं फेटा."

फेटणं पुन्हा सुरू झालं. अच्युतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हाला येतात बड्या?"

"लाल येतात," शालिकराम म्हणाला.

चहा केव्हाच निवला होता. आता उठून जायला हरकत नव्हती. चीर दिली, चहा झाला, इथलं त्याचं काम संपलं होतं. घरी सांबाराला पाणी घालायचं होतं. तो उठला नाही. भिंतीपलीकडं थप्प थप्प चाललं होतं, हळूहळू त्यातलं वजन कमी होत होतं. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. त्यानं डोकं भिंतीला टेकवलं, आणि नाइट करून आलेल्या माणसासारखे त्याचे डोळे मिटले.